शोरूमच्या फायनान्स टेबलावर नवीन बसणाऱ्यांसाठी

गाडी पसंत पडली, रंग ठरला, टेस्ट ड्राइव्ह झाली, पेढे कुठून आणायचे हेही घरच्यांनी ठरवलं. त्यानंतर गिऱ्हाईक ज्या खुर्चीत येऊन बसतं ती फायनान्स-इन्शुरन्सच्या टेबलासमोरची. सेल्सवाल्याने स्वप्न दाखवलेलं असतं, हिशेब तुम्ही दाखवायचा असतो. सांगली, मिरज, कुपवाडच्या शोरूममध्ये या पदाला सगळे ‘एफ अँड आय’ म्हणतात आणि गिऱ्हाईक ‘लोनवाले साहेब’. बी.कॉम. करून नुकतेच चिकटलेले, सेल्समधून इकडे सरकलेले किंवा एखाद्या डीएसएकडे (बँकेला कर्जाची गिऱ्हाइकं आणून देणाऱ्या एजंटाकडे) फाइली फिरवून आलेले, अशांसाठी हे लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे काम शिकवणारी सगळी प्रशिक्षणं पगारदार माणूस समोर धरून बनवलेली असतात: एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. आपल्या जिल्ह्यात निम्म्या गिऱ्हाइकांचा पैसा असा येतच नाही. उसाचं बिल, बेदाण्याची पट्टी, हळदीचा सौदा, दुधाचा दहा दिवसांचा पगार, परराज्यातल्या गलाईच्या (सोनं-चांदी आटवण्याच्या) दुकानातून येणारी रक्कम, प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. समोरच्याच्या घरात पैसा कुठल्या महिन्यात येतो हे ज्याला विचारता आलं त्याला हे काम जमतं. सॉफ्टवेअर काय, आठवड्यात हाताखालून जातं.

१. आधी किमतीची फोड तोंडपाठ करा

पहिल्या आठवड्यात बँकांच्या स्कीमच्या मागे लागू नका. तुमच्या शोरूममध्ये सर्वांत जास्त खपणारी दोन-तीन मॉडेल घ्या आणि त्यांचा ऑन-रोड ब्रेकअप कागद न बघता सांगता येईल इतका पाठ करा. एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज, एक्सटेंडेड वॉरंटी. एक्स-शोरूममध्ये जीएसटी आलेलाच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के, त्याहून मोठ्यांना ४० टक्के आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के असा दर आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यावर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. गाडी कंपनीच्या नावावर घेतली की टॅक्स बराच वाढतो. हे गिऱ्हाइकाच्या सीएने सांगण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

गाडी १० लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा करून भरायचा आयकर) लागतो. हा पैसा जात नाही, पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. पण शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडचे कितीतरी बागायतदार रिटर्नच भरत नाहीत. त्यांना सांगा: या वर्षी रिटर्न भरा, नाहीतर बारा-पंधरा हजार सरकारजमा राहतील.

रोखीचं आताच सांगतो, कारण मार्केट यार्डातला व्यापारी पिशवी घेऊन येतो तेव्हा समजावत बसायला वेळ नसतो. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला, म्हणजे शोरूमला. ‘आज दीड घ्या, परवा दीड घ्या’ हेही चालत नाही, कारण गाडी एकच आणि व्यवहार एकच. आणि पैसा कुठलाही असो, शोरूमच्या खात्यातच. तुमच्या स्वतःच्या यूपीआयवर बुकिंगचे पाच हजारसुद्धा घेऊ नका.

ज्या रकमेची पावती देता येत नाही अशी ओळ ब्रेकअपमध्ये घालू नका. ‘हँडलिंग’, ‘फाइल चार्ज’ असल्या ओळी कोणी घालायला सांगितल्या तर हिशेब विचारा. गिऱ्हाईक तो कागद घरी नेतं, पुतण्याला दाखवतं, आणि पुतण्या पुण्यात आयटीत असतो.

२. पैसा कधी येतो ते विचारा

‘इन्कम किती?’ हा पहिला प्रश्न नको. माणूस अवघडतो आणि मग काहीतरी फुगवून सांगतो. ‘ऊस कुठल्या कारखान्याला जातो?’, ‘बाग किती एकर?’, ‘बेदाणा केला का माल दिला?’ असं विचारलंत तर पाच मिनिटांत सगळा हिशेब टेबलावर येतो.

ढोबळ वेळापत्रक असं. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यातला ऊस दिवाळीच्या आगेमागे तुटायला लागतो आणि मार्चपर्यंत गाळप चालतं. कायद्याने ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) मिळायला हवी, प्रत्यक्षात बिल हप्त्याहप्त्याने येतं आणि कधी लांबतं. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग द्राक्षाचा. छाटणीपासून खर्च आणि पैसा उन्हाळ्यात, तोही अवकाळीने गाठलं नाही तर. बेदाणा करणारा शीतगृहात माल ठेवून भाव बघत बसतो, त्यामुळे त्याचा पैसा आणखी पुढे. जत-आटपाडीत डाळिंब, तिथं बहार कुठला धरला ते विचारायचं. दूध घालणाऱ्याला दर दहा दिवसांनी थोडं थोडं येतं, आणि खरं सांगायचं तर मासिक हप्त्याला तोच सर्वांत भरवशाचा.

काही बँका आणि फायनान्स कंपन्या शेतकऱ्याला सहामाही किंवा वार्षिक हप्ता देतात. ते कोण देतं याची यादी पहिल्याच महिन्यात करून ठेवा. ऊसवाल्याला सहामाही हप्ता डिसेंबर-जूनला लावून दिलात आणि बिल आलं जानेवारीअखेर, तर पहिल्याच हप्त्याला बाउन्स. तारीख महिनाभर पुढे घेता आली असती, कोणी विचारलंच नाही. मासिकच घ्यावा लागला, तर सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवायला सांगा. पटतं लोकांना, कारण सोसायटीच्या पीककर्जाची सवय असते: पैसा वर्षातून एकदा फिरतो हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक हे वेगळंच प्रकरण. सोन्या-चांदीच्या आटणीचा धंदा तमिळनाडू, केरळ, आंध्रापासून उत्तरेपर्यंत कुठंही, घर मात्र गावाकडे. गाडी गावाकडे यात्रेला किंवा दिवाळीला आले की घेतात आणि नंबर एमएच-१० च हवा असतो. धंद्याचा पत्ता परराज्यात, घराचा इथला. बँकेची पडताळणी दोन्हीकडे होते आणि वेळ खाते. सुट्टीवर येण्याच्या तीन आठवडे आधी कागद व्हॉट्सॲपवर मागवून फाइल सुरू करा. आणि गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त परराज्यात ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते, हेही कानावर घाला.

फौजी गिऱ्हाईक सातारा-सांगलीत भरपूर. कॅन्टीनमधून गाडी घेणार असेल तर क्रम उलटा असतो: आपण उपलब्धतेचं पत्र आणि प्रोफॉर्मा द्यायचं, अर्ज त्यांच्या पोर्टलवर, कर्जाची रक्कम जाते सीएसडीकडे (लष्कराच्या कॅन्टीन खात्याकडे), शोरूमकडे नाही. बँकेला हे आधी कळवलं नाही तर रक्कम चुकीच्या खात्यात येते आणि परत पाठवण्यात सुट्टी संपते.

३. कागद गोळा करणं आणि वाचणं

पगारदाराचे कागद सोपे: आधार, पॅन, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, फॉर्म १६. धंदेवाल्याला दोन वर्षांची रिटर्न, उद्यम किंवा जीएसटी, चालू खात्याचं स्टेटमेंट. त्यावर जास्त बोलत नाही.

शेतकऱ्याची फाइल मात्र नीट वाचायला शिका. मागायचं काय, तर सातबारा, ८अ (एकूण जमिनीचा खातेउतारा), कारखान्याची किंवा आडत दुकानाची बिलं, आणि जिल्हा बँकेचं किंवा ज्या बँकेत बिल जमा होतं तिथलं स्टेटमेंट. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूलेखच्या पोर्टलवर १५ रुपयांत निघतो. त्यासाठी माणसाला तलाठ्याकडे पिटाळू नका, टेबलावरच काढून द्या.

उतारा हातात आला की तीन ठिकाणी बोट ठेवा. पहिलं, खातेदाराचं नाव आणि त्याच्या वाट्याचं क्षेत्र. सामाईकात पाच भाऊ आणि तीन बहिणी असतील तर चार एकर हे चार एकर नसतात. दुसरं, इतर हक्काचा रकाना. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथं दिसतो. असणं गैर नाही, पण किती आहे ते विचारा. तिसरं, पीकपाहणी. बिलं उसाची आणि उताऱ्यावर ज्वारी, असं झालं की बँकेचा माणूस फाइल बाजूला ठेवतो.

एक संवाद तुम्हाला वर्षभर ऐकायला मिळणार आहे.

“साहेब, गाडी पोराच्या नावावर घ्यायची.”

“रान कुणाच्या नावावर आहे, काका?”

“रान माझ्या नावावर हाय की. त्येच्या नावावर कशाला करतोय आत्ताच!”

मग काकांना को-ॲप्लिकंट (सहकर्जदार) करायचं. उत्पन्न त्यांचं, गाडी दोघांच्या कर्जावर, आरसी मुलाच्या नावावर. त्यात काकांचं वय बघा. कर्ज संपताना को-ॲप्लिकंटचं वय किती चालतं याची प्रत्येक बँकेची मर्यादा वेगळी. सात वर्षांचं कर्ज मागून पाच वर्षांचंच मिळतं ते यामुळे. आणि सही करण्याआधी काकांना स्वच्छ सांगा की हप्ता थकला तर फोन तुम्हालाही येणार. मुलगा बाजूला बसलेला असतो, त्याला ते आवडत नाही. तरी सांगा.

सिबिल ३०० ते ९०० च्या पट्टीत असतो. बहुतेक बँका साडेसातशेच्या पुढे खूश असतात, त्याखाली कारणं विचारतात. आकड्यापेक्षा आतला रिपोर्ट वाचायची सवय लावा. आपल्याकडे तीन गोष्टी वारंवार निघतात: जुन्या मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या हप्त्याची विसरलेली थकबाकी, मिटवलेलं पण ‘सेटल्ड’ (कमी रकमेत तडजोड) असं लागलेलं कर्ज, आणि सहकारी बँकेत मेहुण्याला राहिलेला जामीन. मेहुण्याने हप्ते थकवले की जामीनदाराच्या रिपोर्टवर डाग पडतो आणि त्या बिचाऱ्याला ते इथं, आपल्या टेबलावर कळतं. तिथं आवाज खाली ठेवा, बायको-मुलं बरोबर असतात.

उलट बाजूही आहे. पतसंस्थेचं कर्ज बऱ्याचदा सिबिलला दिसतच नाही. स्कोअर ७८० आणि गावातल्या दोन पतसंस्थांचे हप्ते चालू. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला ठरावीक रक्कम बाहेर जाताना दिसली की विचारा.

एका वेळी पाच बँकांत लॉगिन करू नका, म्हणजे फाइल दाखल करू नका. प्रत्येक बँक रिपोर्ट काढते, ती चौकशी नोंदली जाते आणि स्कोअर उतरतो. माणूस बघून एक, फार तर दोन बँका निवडा.

कागदात फेरफार करणारे भेटतील. सेल्सचा पोरगा टार्गेटच्या नादात म्हणेल, ‘स्लिपवर आकडा तेवढा वाढवू का?’ बँका आता स्टेटमेंटची मूळ फाइल तपासतात, रिटर्न पोर्टलवरून पडताळतात. पकडलं गेलं की शोरूमचा कोड बंद होतो आणि गुन्हा सही करणाऱ्यावर लागतो. कोऱ्या फॉर्मवर गिऱ्हाइकाची सही घेणं हेही त्याच घरातलं.

४. हप्त्याचं गणित गिऱ्हाइकासमोर करा

‘हप्ता किती बसंल?’ एवढंच लोक विचारतात. तुम्ही हप्ता सांगून मोकळे झालात तर तुम्ही फक्त कॅल्क्युलेटर. उदाहरणच घ्या. आठ लाख कर्ज, ९ टक्के, कमी होणाऱ्या शिल्लकीवर. पाच वर्षांना हप्ता सुमारे १६,६०७ आणि एकूण व्याज एक लाख ९६ हजारांच्या आसपास. सात वर्षांना हप्ता १२,८७१ वर येतो, सगळ्यांचे चेहरे खुलतात. व्याज मात्र दोन लाख ८१ हजारांवर जातं. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि कागद त्यांच्याकडे सरकवा. निवड त्यांची.

फ्लॅट दर ही आपल्याकडची जुनी फसगत. कोणी ‘फक्त ५ टक्के’ सांगितलं तर विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) की रिड्यूसिंग (कमी होणाऱ्या शिल्लकीवर)? आठ लाखांवर ५ टक्के फ्लॅट, पाच वर्षं: व्याज दोन लाख, हप्ता १६,६६७. म्हणजे वरच्या ९ टक्क्यांपेक्षा जास्तच. शेजारच्या गावातल्या एजंटने पाच टक्क्यांत कर्ज देतो म्हटलंय असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा वाद घालू नका, हा हिशेब मांडा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. त्यात प्रोसेसिंग फी, इतर खर्च धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि तो कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा. मराठीतला मागून घ्या. त्यात नेमकं बघायचं ते प्रोसेसिंग फी, कर्जातच मिसळलेला कर्जसुरक्षा विमा, आणि मुदतीआधी कर्ज फेडण्याचा आकार. बऱ्याच खासगी बँकांचं गाडीचं कर्ज स्थिर दराचं असतं आणि त्यात आधी फेडलं तर टक्केवारीने पैसे जातात. जमीन विकून किंवा मोठं बिल आलं की कर्ज मिटवायची आपल्या लोकांना घाई असते. त्यांना हा आकार कर्ज घेतानाच दाखवायला हवा. कर्जसुरक्षा विमा घ्यायचा तर घ्यावा, काही घरांना तो लागतोच, पण ‘याच्याशिवाय कर्ज होत नाही’ असं म्हणू नका.

सरकारी बँक स्वस्त आणि सावकाश, खासगी बँक जलद आणि थोडी महाग, फायनान्स कंपनी त्याहून महाग पण कागद कमी मागते. शोरूमला पेआउट (कमिशन) कुणाकडून जास्त मिळतो हे तुम्हाला पहिल्या महिन्यातच कळेल, आणि मॅनेजर मीटिंगमध्ये त्याच नावावर बोट ठेवेल. माझं मत असं की दोन पर्याय लेखी दाखवायचे, त्यात एक सर्वांत स्वस्त असलाच पाहिजे. या गावात कुणीही कुणाचं तरी पाहुणं असतं. स्वस्त पर्याय लपवलेला कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत उघडा पडतो.

५. लॉगिन ते डीओ

फाइल लॉगिन झाली की बँकेचा माणूस घरी आणि धंद्याच्या ठिकाणी पडताळणीला जातो. तो कधी येणार ते गिऱ्हाइकाला सांगा, नाहीतर रानात गेलेला माणूस, घरी फक्त आजी, आणि शेरा पडतो ‘घरी आढळले नाहीत’. मग सँक्शन (मंजुरी), करारावर सह्या, हप्त्यासाठी ई-नॅच (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी), आणि डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे डीओ: गाडी सोडा, पैसे देतो असं बँकेचं शोरूमला पत्र.

सँक्शन म्हणजे पैसे नव्हेत. सँक्शनचं पत्र बघून गाडी सोडायला सेल्स कितीही मागं लागू दे. डीओ हातात येईपर्यंत आणि गिऱ्हाइकाच्या वाट्याची रक्कम शोरूमच्या खात्यात दिसेपर्यंत किल्ली द्यायची नाही. मधल्या दोन दिवसांत बँकेने फाइल अडवली तर गाडी गावात, पैसा कुठंच नाही आणि जबाबदार तुम्ही.

६. विमा

इथं थोडं थांबून वाचा, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथं आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) विमा एकदमच घ्यावा लागतो. पण आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग, ओन डॅमेज, हा बहुतेक पॉलिसींत एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर तीन वर्षांची तारीख दिसते, गिऱ्हाईक निर्धास्त. दुसऱ्या वर्षी गाडी ठोकली की कळतं की आपल्या गाडीसाठी विमाच नाही. डिलिव्हरीच्या वेळी पॉलिसीवर ओन डॅमेज संपण्याच्या तारखेला पेनाने गोल करा आणि तीच तारीख त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून द्या.

आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत, नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के. नऊ लाखांची गाडी, रोड टॅक्स ९९ हजार, विमा वगैरे धरून साडेदहाच्या घरात पडली, पण आयडीव्ही ८ लाख ५५ हजार. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, म्हणजे टोटल लॉस झाला, तर तेवढेच. त्यातले आधी बँकेचे. हा फरक भरून काढतं ते रिटर्न टू इन्व्हॉइस हे ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून घ्यायचं वाढीव संरक्षण). कर्ज जास्त काढलेल्याला हे पहिली दोन-तीन वर्षं घ्यायला सांगा.

झिरो डेप (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई) कशासाठी ते एका वाक्यात: साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीचे निम्मे पैसे मालकाने भरायचे असतात, आणि आताच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचाच असतो.

आता पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये बसतं, पण पाण्यात उभी गाडी चालू करून बघितली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट लागतं. नदीकाठच्या भागात, गावभागात किंवा बेसमेंट पार्किंगच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला हे ॲड-ऑन सुचवलं नाहीत तर तुम्ही काम केलं नाहीत. जत किंवा आटपाडीच्या माळावरच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात तेच मारायची गरज नाही. आणि सगळ्यांना एक सूचना: पाण्यातली गाडी स्टार्ट करू नका, ढकलत किंवा टो करून वर्कशॉपला आणा, आधी फोटो काढा.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० पर्यंत. जुनी गाडी एक्सचेंजला देणाऱ्याकडून जुन्या विमा कंपनीचं एनसीबी प्रमाणपत्र मागवा. नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर ती सूट थेट लागते. बोनस ५० टक्के आणि प्रीमियम तीस हजार असेल तर पंधरा हजार वाचले. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. वडिलांचा बोनस मुलाच्या गाडीला मात्र वडील हयात असताना लागत नाही, कितीही विनवण्या केल्या तरी.

मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा. गाडी बायकोच्या किंवा आईच्या नावावर आणि त्यांच्याकडे लायसन्सच नसेल, तर तो लागू होत नाही. त्याचे पैसे घेऊ नका. नॉमिनीचा रकाना ‘कायदेशीर वारस’ लिहून मोकळा करू नका, नाव आणि वय विचारा.

वडापचं विसरू नका. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याने चालवली आणि अपघात झाला तर क्लेम नाकारला जातो. गिऱ्हाईक सात सीटरच्या सीटा मोजत ‘मिरज-सांगली किती फेऱ्या हुत्यात?’ असं बोलायला लागलं की समजा, आणि त्याला सरळ टॅक्सी परवान्याचा रस्ता दाखवा.

विमा आमच्याकडूनच घ्या ही सक्ती करता येत नाही. विमा नियामकाचे २०१७ चे वाहन विक्रेत्यांसाठीचे नियम या बाबतीत स्वच्छ आहेत. बाहेरची कोटेशन घेऊन आलेल्याशी भांडू नका. आयडीव्ही तेवढीच आहे का, ॲड-ऑन कुठले गळलेत, आपल्या वर्कशॉपला कॅशलेस चालतं का, हे तीन मुद्दे तपासून द्या. निम्मी गिऱ्हाइकं तिथंच परत फिरतात. उरलेल्यांना बाहेरचं खरंच स्वस्त मिळत असेल, तर घेऊ दे.

पॉलिसीवर मोबाइल नंबर गिऱ्हाइकाचाच टाका. नूतनीकरणाचा मेसेज आपल्याकडे यावा म्हणून शोरूमचा नंबर टाकायची खोड कितीतरी ठिकाणी आहे. क्लेमच्या वेळी त्या माणसाला स्वतःच्या पॉलिसीचा ओटीपी मिळत नाही.

७. नोंदणी आणि मुहूर्त

क्रम असा पाळा: विमा, टॅक्स, आरटीओ नोंदणी, नंबर, उच्चसुरक्षा नंबर प्लेट, मग डिलिव्हरी. चेसिस आणि इंजिन नंबर पॉलिसीवर, इन्व्हॉइसवर आणि गाडीवर तिन्हीकडे एकेक अक्षर जुळवा. बोट ठेवून, मोठ्याने वाचत. बँकेचं नाव हायपोथिकेशनमध्ये (कर्जाच्या बोजाच्या नोंदीत) पॉलिसी आणि आरसी दोन्हीकडे आलंय ना तेही. पसंतीचा क्रमांक हवा असेल तर अर्ज नोंदणीआधी, आणि त्याची फी परत मिळत नाही हे आधी सांगून.

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया. या दिवशी गाड्यांची रांग लागते आणि सगळ्यांना सकाळचीच वेळ हवी असते. पितृपक्षात शोरूम ओस असतं. तेच दिवस दसऱ्याच्या फाइली उरकण्याचे. गिऱ्हाईक त्या पंधरवड्यात गाडी नेणार नाही, पण सह्या करायला येतं, फार तर अमावस्या टाळून. प्रीमियम जमा झाल्याशिवाय विमा कंपनीची जबाबदारी सुरू होत नाही, तेव्हा ‘पैसे संध्याकाळी भरतो, आधी गणपतीला नेऊन आणतो’ याला नाही म्हणायचं. हसून म्हणा, पण नाहीच म्हणा.

८. डिलिव्हरीनंतरची यादी

गाडी गेली, हार वाळला, तुमचं काम अर्धंच झालंय. बँकेला आरसीची, इन्व्हॉइसची आणि विम्याची प्रत ठरलेल्या मुदतीत जायला हवी. यालाच पीडीडी म्हणतात. ती थकली की बँक शोरूमचे पुढचे डीओ अडवते. दर शनिवारी पीडीडीची यादी काढून बसा, कंटाळा आला तरी.

पॉलिसीवर गाडीचा नंबर ‘न्यू’ असाच राहिला असेल तर एंडोर्समेंट (पॉलिसीत दुरुस्तीची नोंद) करून खरा नंबर चढवून घ्या. पहिला हप्ता कापला गेला का ते फोन करून विचारा. नॅच लागला नसेल तर दंड गिऱ्हाइकाला बसतो आणि शिवी आपल्याला.

आणि तीन-चार वर्षांनी कोणीतरी येतो, ‘साहेब, कर्ज फिटलं, गाडी विकायची, पण आरसीवर बँकेचं नाव हाय.’ कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत नोंद काढावी लागते, आणि मग तेच विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढायचं. एनओसीला मुदत असते, कपाटात ठेवून दिली तर नवी मागावी लागते. दोन कोरे फॉर्म ३५ ड्रॉवरमध्ये ठेवा. यात शोरूमला दमडी मिळत नाही, पण जुनी गाडी विकायला निघालेला माणूस नवी कुठून घ्यायची याचाही विचार करत असतो.